पलीकडची नारिंगी छत्री

पुएर्तो इग्वासू, अर्जेंटिना
मंगळवार, १४ ऑक्टोबर

प्रिय डेल्फिना,

तुझ्या थोरल्या भावाचा, अन्सेल्मोचा, आशीर्वाद. आम्ही इकडे मजेत आहोत, तुझी खुशाली कळव. हे वाक्य सगळेच लिहितात, पण तू खरंच कळव.

पत्र बघून हसशील. मधे एक नदी, एक पूल, घटकाभराची बस, आणि दादा पत्र पाठवतोय! काय करू? माझा नंबर तू बंद करून ठेवलास, आणि तुझ्या नवऱ्याला, वाल्दीररावांना, फोन लावायला माझी जीभ रेटत नाही. म्हणून हे एका कोरियन जोडप्याच्या हाती देतोय. आज ती दोघं आमच्या उद्यानात मनसोक्त भिजली, उद्या तुमच्या ब्राझीलच्या उद्यानात जाणार. सगळ्या पाहुण्यांची तीच रीत. त्यांना खुणेनं सांगितलंय, पहिल्या सज्जावर नारिंगी छत्रीखाली कॅमेरा घेऊन एक बाई उभी असेल, तिला द्या. नसली तर तिथल्या कुणाही फोटोवाल्याला द्या.

इकडे ठीक चाललंय. पाऊस धो धो पडला, नदी तांबडीलाल झालीय आणि धबधबा असा माजलाय की फोटो काढायच्या माझ्या शिडीवर उभं राहिलं तरी तुषार तोंडावर येतात. परवा एका जर्मन बाईच्या हातातला पाव झाडावरून उतरलेल्या एका कोआटीनं पळवला. ती ओरडली, नवरा ओरडला, आणि तो लांबनाक्या लबाड रेलिंगवर बसून शांतपणे जेवला. मी फोटो काढला, तोच त्यांनी विकत घेतला!

पाहुणे अजून तेच विचारतात. "समोर ते काय?" "ब्राझील." "तिकडून जास्त छान दिसतं म्हणे?" "दिसणारच! तिकडून आमचा धबधबा दिसतो ना. इकडून काय, ब्राझील दिसतो." हसतात बिचारे. तू असतीस तर म्हणाली असतीस, दादा, तुझ्या बाजूला माणूस नुसता भिजतो, बघायला माझ्याकडेच यावं लागतं. म्हण बाई. तुझं म्हणणं ऐकूनही फार दिवस झाले.

आई बरी आहे. कान पूर्ण गेले, फोनवर तर काहीच ऐकू येत नाही, पण डोळे घारीचे. सकाळी कोंबड्यांना दाणे टाकते, माझ्या ‘माते’च्या कडू चहात साखर पडली की अजून शिव्या घालते. गुडघा सुजतो. इथला डॉक्टर गोळ्या देतो आणि म्हणतो, पलीकडच्या मोठ्या इस्पितळात दाखवा. दोन वर्षांपूर्वी तू हेच म्हणत होतीस. बरं, असू दे.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो, नाहीतर कागद संपेल.

मी फोटो काढताना गिऱ्हाईकाला अर्धं पाऊल डावीकडे सरकायला सांगतो. "तिथे उजेड चांगला पडतो," म्हणतो. थाप. उजेड सगळीकडे सारखाच. ते सरकले की त्यांच्या उजव्या खांद्यावर, दरीपलीकडे, तुझी छत्री येते. बोटाच्या नखाएवढी. भांडण झाल्यापासून एकही फोटो मी तिच्याशिवाय काढलेला नाही. कुठल्या कुठल्या देशांत, कुणाकुणाच्या दिवाणखान्यात तू टांगलेली आहेस, त्यांनाही माहीत नाही आणि तुलाही नाही.

दर रविवारी त्यातला एक मोठा करून आईसाठी छापतो. ती भिंग लावते, नारिंगी ठिपक्यावर बोट ठेवते. "छत्री उघडी आहे. पोरगी कामावर आली म्हणजे बरी आहे." मग तिला जेवण जातं.

गेला महिनाभर छत्री नाही, डेल्फिना.

पहिल्या रविवारी वाटलं, सुट्टी घेतली असेल. दुसऱ्या रविवारी मी आईला ऑगस्टमधला जुना फोटो दिला. खपला. तिसऱ्यालाही खपला. परवा मात्र तिनं भिंग खाली ठेवलं आणि म्हणाली, "अरे, बाहेर आठ दिवस आभाळ फाटलंय, आणि तुझ्या फोटोत धबधबा शेळीच्या धारेएवढा?"

मी म्हणालो, "आई, ते ऊन पडलं की तसं दिसतं."

"मी आंधळी नाही, बहिरी आहे! माझी पोरगी कुठाय?"

जन्मभर त्या पाण्याचे फोटो विकले आणि पाण्याकडेच बघायला विसरलो. मला छत्रीशिवाय दुसरं काही दिसलंच नव्हतं.

तू आजारी आहेस का? नोकरी सोडलीस? की माझं तोंड लांबूनही दिसू नये म्हणून जागा बदललीस? तसं असेल तर मी पेढे वाटीन, पण कळव. मला भीती वाटते गं. शिडीवर चढून पलीकडे तुलाच शोधत असतो, आणि लोकांना सांगतो, हसा, हसा.

तो पूल मला रोज आठवतो. टॅक्सीत आई, डिकीत तिची बॅग. तू म्हणतेस आई माझ्याकडे राहील, मी म्हणतो माझ्याकडे. मागे गाड्यांची ही रांग, आणि तो चौकीवाला ओरडतोय, "आजीबाईंचा देश आधी ठरवा, मग भांडा!" शेवटी आईच म्हणाली, "मला कुणीच नको, मी माझ्या कोंबड्यांकडे जाते." आणि कठड्याचा निळा-पांढरा रंग संपून हिरवा-पिवळा सुरू होतो, बरोबर तिथे तू बॅग ठेवलीस. म्हणालीस, "दादा स्वतःच्या हातानं आईला माझ्या दारी आणेल, तोवर मी तुमच्या बाजूला पाय टाकणार नाही." मला वाटलं, चार दिवसांत येशील. तूही माझ्याबद्दल तेच समजली असशील. एकाच आईची लेकरं आपण.

मी का आलो नाही, तेही लिहितो. तुझा राग नव्हता. आई एकदा पलीकडे गेली की परत येणार नाही, ही धास्ती होती. घरात आम्ही दोघंच. ती गेली तर मला शिव्या कोण घालणार?

काल कामावरून आलो तर आई दारात बसलेली. अंगात चांगला झगा, कोंबड्या शेजारणीच्या हवाली, पायाशी तीच बॅग. कितीची भरली आहे, चार दिवसांची की कायमची, मी विचारलं नाही. उचलून बघितली. जड आहे.

रविवारी सकाळी आम्ही येतोय. घर बदललं असलं तर या कोरियन मुलांजवळ पत्ता दे, ती संध्याकाळी इकडेच परतणार आहेत, इस्पितळात असलीस तर खाटेचा नंबर दे. काहीच कळवलं नाहीस तरी आम्ही येणार, पुलावर उतरून थांबणार. रंग बदलतो तिथपर्यंत बॅग मी आणतो, पुढे तू घे. तुला यायला जमलं नाही, तर वाल्दीररावांना पाठव, मी त्यांच्याशी नीट बोलेन. फक्त त्यांच्या हाती छत्री दे. आईला लांबून दिसायला हवी.

तिला घेऊन येणारा,
तुझा दादा
अन्सेल्मो