चार बोटं कमी

२ जून
आज सकाळी प्रार्थना झाल्यावर वजनांची पेटी उघडली, एकेक वजन मऊ फडक्याने पुसलं आणि लुत्स्यानला धडा शिकवायचं ठरवलं. सूड नव्हे. सूड पाप आहे. ही तपासणी आहे.

कारण लिहून ठेवतो. ख्रिस्तशरीराच्या मिरवणुकीत फादरच्या डोक्यावर धरतात त्या चार दांड्यांच्या छत्राचा पुढचा उजवा दांडा अकरा वर्षं माझ्याकडे होता. यंदा तो लुत्स्यान धरणार. चर्चच्या पायऱ्यांवर, पंधरा माणसांदेखत तो म्हणाला, "फादर, छत्र कलतं हो. चारी माणसं एका मापाची हवीत. आपला कायेतान चार बोटं कमी भरतो."

सगळे हसले. फादरसुद्धा.

कमी भरतो! सरकारी वजनमाप खात्यात चोवीस वर्षं दुसऱ्यांची वजनं तपासणाऱ्या माणसाला!

३ जून
लुत्स्यान मध विकतो. चारशे ग्रॅमच्या बरण्या, लेबलवर आकड्याशेजारी बारीक 'e'. ते अक्षर म्हणजे वजनाची हमी. ते असलं की आमचा पोलिश मध युरोपात कुठेही जातो. त्याची ४८० बरण्यांची पहिली खेप जर्मनीला जायची आहे. तपासणीच्या यादीत त्याचं नाव ऑगस्टमध्ये होतं. मी जूनमध्ये घेतलं. रस्ता सोयीचा पडतो म्हणून.

५ जून
संकल्प: मनात राग ठेवायचा नाही. तपासणीपर्यंत गोड बंद.
दुपारी ऑफिसात दानुता मॅडमचा वाढदिवस. खसखशीचा केक. दोन तुकडे. वरिष्ठांना नाही म्हणणं हाही अहंकारच.

११ जून
गेलो. लुत्स्यान दारातच ओरडला, "ये रे कायेतान! तराजूपर्यंत हात पोचतो ना? की स्टूल आणू?" त्याची बायको बोगुमिला म्हणाली, "गप्प बसा हो, सरकारी माणूस आहे तो." मी संतासारखा हसलो.

नव्या खोक्यातल्या दहा चकचकीत रिकाम्या बरण्या मीच निवडल्या. त्यांचं सरासरी वजन धरलं. मग तीस भरलेल्या बरण्या तोलून ते वजा केलं. बारा ग्रॅमपर्यंत कमी चालतं. त्याहून जास्त तूट असलेली एक निघाली तर माफ. दोन निघाल्या तर आणखी तीस तोलायच्या. तीन निघाल्या तर अख्खी खेप नापास.

नववी कमी. सतरावी कमी. मी मनात जपमाळ ओढू लागलो. सव्विसावी कमी!

लुत्स्यान पांढरा पडला. "अरे, पहिलंच गिऱ्हाईक आहे रे. हे गेलं तर पुन्हा कोण विचारतंय?"

मी म्हणालो, "मी काय करणार? तुझा मध कमी भरतो."

आठवडाभर घोकलं होतं. छान जमलं.

१२ जून
दानुता मॅडमनी अहवाल परत केला. "त्या तीन बरण्या उघडून नुसता मध तोललात?" गरज नाही म्हणालो. "कायेतान, हा नियम तुम्हीच मला शिकवलाय."
औपचारिकता म्हणून सोमवारी करून येतो. बरंच झालं. त्याचा चेहरा परत बघायला मिळेल.

१६ जून
बोगुमिलाच्या स्वयंपाकघरात मध उपसला, बरण्या गरम पाण्याने धुतल्या, पुसल्या, तोलल्या. तिने मला अप्रन दिला. फुलाफुलांचा.

मध: ४०१. ४०४. ४०२.

बोगुमिला म्हणाली, "भरताना नव्या बरण्या संपल्या, पुढचं खोकं यायचं होतं, म्हणून गेल्या वर्षीच्या दोन डझन वापरल्या. त्यांची काच पातळ असते. तुम्ही विचारलंच नाहीत, भाऊ."

म्हणजे काच कमी भरली.

लुत्स्यानने टोमणा मारला नाही. माझी जड पेटी उचलून गाडीपर्यंत आणून दिली. हे मी कधीही विसरणार नाही.

१७ जून
खेप पास. शेरा लिहिला: 'मालक गरजेपेक्षा जास्त मध भरतो.' मॅडमनी खोडला. म्हणाल्या, "जास्त देणं हा गुन्हा कधीपासून झाला?"

१९ जून
मिरवणूक. वारा सुटावा अशी प्रार्थना केली नाही. नुसतं आभाळाकडे पाहिलं. छत्र अगदी सरळ होतं. मी तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून पाहिलं.

२० जून
ठरवलं ते आज केलं. मॅडमना सांगितलं, लुत्स्यानकडे मला पुन्हा कधीही पाठवू नका. त्यांनी फॉर्म पुढे केला: तपासणाऱ्याचं मालकाशी काही नातं असेल तरच यादीतून सुटका. "नातेवाईक आहे?" नाही. "धंद्यात भागी?" नाही. "मग एकच रकाना उरतो. कारण नसेल तर दरवर्षी तो तुमच्याच यादीत."

वैऱ्यासाठी रकाना नाही. मी दोनदा वाचून पाहिलं.

'मित्र' या शब्दापुढे खूण केली आणि सही केली.

मॅडम शिक्का मारताना म्हणाल्या, "बरं वाटलं हो. मला वाटायचं, तुम्हाला कोणीच नाही."