पंखा बंद असल्याबाबत

३ मार्च, सकाळी
दीड महिना लिहिलं नाही. माफ कर, वही. चव्वेचाळिसाव्या वर्षी कम्युनिटी कॉलेजात यंत्रदुरुस्ती शिकणाऱ्याला उसंत नसते. (खरं तर बऱ्याच संध्याकाळी मोकळ्या होत्या. प्रामाणिक असावं.)

प्रत्येकाला लाल कुलूप मिळालं, वर स्वतःचा फोटो. नियम असा की यंत्रात हात घालण्याआधी मेन स्विच बंद करून ज्याने त्याने आपलं कुलूप लावायचं. मग चालू करायचं बटण दाबून खात्री करायची.

माझ्या जोडीला शिवणकामावर घर चालवणाऱ्या एक ताई. त्यांना म्हटलं, तुमचं कुलूप पर्समध्येच राहू द्या, माझं पुरे. बायको म्हणाली, घराला कुलूप लावलंय का बघायला अर्ध्या रस्त्यातून परत येणारे तुम्हीच ना? म्हटलं, तेच तर!

५ मार्च
कन्व्हेयर पट्टा उघडायला घेतला. कॉरिडॉरमधल्या मेन स्विचांच्या कपाटात स्विच बंद करून कुलूप लावलं. तीनदा ओढून पाहिलं. पक्कं. ताई म्हणाल्या, भाऊ, एकदा बटण दाबून बघू या का? म्हटलं, कुलपावर विश्वास नाही? त्यांनी पाना उचलला.
वर्कशॉपचा मोठा पंखा नेमका आजच बंद पडला.

११ मार्च
उकाडा असह्य. दुरुस्ती शिकवणाऱ्या कॉलेजात पंखा दुरुस्त होत नाही! ऑफिसात लेखी तक्रार दिली. सोबत माझं निदान: मोटरचं वाइंडिंग जळलंय.
ताईंनी विचारलं, पट्ट्याचा हिरवा दिवा अजून का लागतो? म्हटलं, काही दिवे लागलेलेच असतात. (हे कुठे वाचलं, आठवत नाही.)

१९ मार्च
ताईंचे हात मनगटापर्यंत रोलरांमध्ये. मध्येच पट्टा सुरू झाला तर? जाऊन कुलूप ओढलं. पक्कं. फाजील विचार करण्याची सवय सोडायची.

२४ मार्च
ताईंनी पुन्हा बटणाचं काढलं. वैतागून, त्यांच्याकडे न बघताच दाबलं.
पट्टा धावला.
घाम पुसायला त्यांनी तेवढ्यात हात बाहेर काढले होते. आत राहिलेलं फडकं रोलरांनी गिळलं.
सरांनी कपाट उघडलं. पंख्याच्या स्विचला माझं कुलूप. त्यावर मी, हसतमुख. एकोणीस दिवस.
म्हणजे एका अर्थी, पंखा बंद होता म्हणूनच ताईंचे हात
हे वाक्य खोडणे.
ताईंनी दहाही बोटं एकेक मिटून उघडून पाहिली. मग पर्समधून स्वतःचं कुलूप काढलं.

उद्या: पंख्याची तक्रार मागे घेणे.