फुकटचा वजीर

प्रिय मेस्तिका,

निनी नावाची एक म्हातारी तुझ्या आईची आई लागते, एवढं तरी आठवतंय ना? की बुद्धिबळाच्या डावांनी डोकं इतकं भरलंय, की माणसांना जागाच उरली नाही? तू जकार्ताला गेलीस, इथे संत्र्यांचा हंगाम येऊन गेला, पण तुझी चिठ्ठी नाही. मला वाचता येत नाही ही सबब सांगू नकोस, शेजारच्या रेहुलिनाला येतं. आत्ताही मी बोलतेय आणि ती लिहितेय. मधेच हसते, ते तेवढं तिचं, बाकी सगळं माझं.

एक विचारायचं होतं. तुम्ही मोठे खेळणारे अजून सुरुवातीच्या सापळ्यांत अडकता का गं? आपला तो जुना, वजीर फुकट ठेवायचा. समोरच्याने हावरटासारखा मारला की दोन घोडे आणि उंट मिळून त्याच्या राजाला कोंडतात. तुझे दुधाचे दात पडत होते तेव्हा तुझ्या बापानेच तुला शिकवलेला. कॉफीच्या टपरीवर विचारलं तर सगळे तुटून पडले. एक म्हणाला, "निनी, कसलेलाच आधी पडतो. त्याला वाटतं, म्हातारी चुकली!" दुसरा म्हणाला, "हट्! कसलेला माणूस असा वजीर बघून हात खिशात घालतो. मारलाच तर समज, गडी झोपेत कॉफी पितोय."

का विचारते? तुझ्या बापाने माझा वजीर मारला.

आपल्या रिवाजात सासू-जावयाने एकमेकांशी थेट बोलायचं नाही, समोरासमोर बसायचं नाही, हे ऐकून तुझ्या शहरातल्या मैत्रिणी हसतात म्हणालीस. हसू देत. तुझी आई होती तोवर निरोप तिच्याकरवी जायचे. ती गेल्यापासून आम्ही भिंतीशी बोलतो. "भिंतबाई, छप्पर गळतंय म्हणावं," मी म्हणते. "भिंतबाई, कळलं म्हणावं," म्हणत तो शिडी आणतो. पट मात्र ओसरीवरच्या बाकावर कायमचा मांडलेला. तो मळ्यात जाताना खेळी करतो, तो गेला की मी. विचाराला अख्खा दिवस. हरेल त्याने दुसऱ्याच्या दाराच्या खिळ्याला उकडलेल्या शेंगांची पुडी अडकवायची. आजवर शेंगा मीच जास्त उकडल्यात, तुला माहीत आहे.

म्हणून वजीर मारलेला पाहिला तेव्हा मी ओसरीभर नाचले. तो घरी परतल्यावर म्हटलं, "भिंतबाई, कुणाचे डोळे कोबीच्या मळ्यातच राहिले वाटतं!" पुढच्या दोन खेळ्यांत त्याचा राजा कोंडला आणि माझ्या खिळ्याला शेंगांची पुडी आली. मग वाटलं, हा मला मुद्दाम जिंकू देतोय, आणि मला राग आला. शेंगा मात्र खाल्ल्या.

दुसऱ्या सकाळी खिळ्याला परत पुडी. मी म्हटलं, "भिंतबाई, या कशाच्या?" तो म्हणाला, "भिंतबाई, डाव हरलो ना, त्याच्या." अगदी साधेपणाने. त्याच्या पुढच्या सकाळीही पुडी, त्याच डावाची. मग नवा पट मांडला. मी घाबरतच वजीर तिथेच ठेवला. मेस्तिका, त्याने तो परत मारला, जणू आयुष्यात पहिल्यांदाच पाहतोय. आणि खुशीत शीळ घालत मळ्यात गेला.

टपरीवर मी "हो हो, कसलेलेही पडतात" म्हणून हसून घेतलं. रेहुलिनाला गप्प राहायची शपथ घातलीय. ती आता हसत नाहीये.

मी त्याला विचारू शकत नाही गं. भिंतीला विचारायची ही गोष्ट नव्हे. तू त्याच्यासमोर बसू शकतेस. खेळायला आलेय म्हण, पट मांड, वजीर फुकट ठेव, आणि त्याचा हात नको बघूस, डोळे बघ. त्याने हात मागे घेऊन "मला शिकवतेस काय, पोरी?" म्हटलं, तर ही म्हातारीच खुळावली म्हणून गावभर सांग, मी तक्रार करणार नाही. तुझी स्पर्धा असेल, तर ती पुन्हा भरेल. येताना वाटेत मेदानहून तो पिवळा जाळीदार केक आण, त्याच्या आवडीचा. शेंगा मात्र आणू नकोस. आज सकाळीही खिळ्याला पुडी होती.

तुझीच वाट बघणारी,
निनी