हवागाडीची चौकशी

पोलादपूर

प्रिय तेजू,

फोनवर माझा आवाज चढतो आणि तू ‘रेंज नाही’ म्हणून मोकळी होतेस, म्हणून हे पत्र.

परवा रुचिर नावाचा एक मुलगा घरी आला. पुण्यात कॉलेजात शिकवतो म्हणे. मोटारीला पूर्वी हवागाडी का म्हणत, ते त्याला तुझ्या आजोबांना विचारायचं होतं. कुठंतरी पाणी मुरतंय, हे मी तेव्हाच ताडलं. हायवे रुंद झाल्यापासून चकचकीत बूट घालून येणारा प्रत्येक जण शेवटी सातबाऱ्यावरच येतो. मुद्दाम त्याला आपल्या रस्त्याकडच्या शेतावरून फिरवून आणलं. पठ्ठ्यानं जमिनीचा भावसुद्धा विचारला नाही. माझा संशय आणखीच वाढला.

आबा मात्र खुलले. म्हणाले, बैलगाडीला बैल, घोडागाडीला घोडा, हिच्यापुढं तर काय जुंपलेलंच नाय, मग आमचा बापूस म्हणायचा, हिला हवाच ओढते! मुलगा म्हणाला, चाकात हवा भरतात म्हणून ते नाव, असंही काही जण सांगतात. कुणी म्हणतात, वाऱ्यासारखी पळते म्हणून. आबांनी त्याला उडवूनच लावलं. वारा कसला, घाटात माणसं उतरून ढकलायची तिला! पोरगा पोट धरून हसला, पण लिहून काही घेतलं नाही.

मी बघतच होतो. तो आपणहून आबांच्या उजव्या बाजूला बसला. डावा कान गेलाय, हे त्याला कुणी सांगितलं? चहा आला, तर बिनसाखरेचा कप कुणाचा तेही त्याला ठाऊक. आणि आपल्याकडे हवागाडी आता म्हणतं तरी कोण? एक आबा, आणि लहानपणापासून त्यांची नक्कल करणारी तू.

बाप कसा आहे ते बघायला तू माणूस पाठवलास, तेजू. रविवारी पाचाडची मंडळी तुला बघायला येणार, हे कळलं म्हणूनच ना? राग आला, खोटं कशाला सांगू. पण त्याहून वाईट वाटलं. दारात आलेल्याचं आडनाव आधी विचारणारा मी, त्याचं विचारलंच नाही. उत्तर काय येईल आणि मग मी कसा वागेन, याची मला भीती वाटली. तुलाही तीच वाटत असणार. पाचाडला मी नको म्हणून कळवलंय. आता त्याला एकट्याला पाठवू नकोस, तू बरोबर ये. आडनाव तू सांग. मी ऐकून घेईन.

तुझाच,
बाबा