स्वानंदीसाठी भाजलेली गाजरं

६ जानेवारी, सोमवार
बोम्मसंद्र्याच्या प्लँटला बदली घेतली ती निव्वळ करिअरसाठी. लेक याच शहरात, बेळ्ळंदूरला राहून नोकरी करते हा योगायोग. बायको, सुलभा, पुण्याहून फोनवर म्हणाली, तिला जरा मोकळं राहू द्या. मी कुठे बांधून ठेवलंय? दिवाळीनंतर भेटही नाही. बेळ्ळंदूरचं ट्रॅफिक, दुसरं काय.
स्वानंदीने स्टेटसला फोटो टाकलाय. ताटात भाजलेली गाजरं, वर तीळ. बरोबर हार्टचं चिन्ह. म्हणजे पोरीला हेच आवडतं. रविवारी जेवायला बोलावतो. ओव्हन ऑर्डर केला.

८ जानेवारी, रात्री
पहिली ट्रायल. बाहेरून कोळसा, आतून कच्चं. दोष ओव्हनचा. शेजारच्या महानंदाअक्का (मूळच्या निपाणीच्या) वास आला म्हणून डोकावल्या. म्हणाल्या, गाजरं सारखी चिरा, अण्णा, आणि तेल स्वल्प लावा. मी सरी, म्हणजे बरं, म्हटलं. तेल मुद्दामच जास्त घातलं होतं, हे सांगितलं नाही.

१२ जानेवारी, रविवार
स्वानंदीचा सकाळीच मेसेज. ऑफिसचं काम आलंय, पुढच्या रविवारी नक्की. बरंच झालं. प्रॅक्टिसला आठवडा मिळाला.
ट्रे गच्च भरला. गाजरं भाजली नाहीत, पाणी सुटून शिजली. अक्कांना वाटीभर दिली. त्यांनी विचारलं, मुलगी नाही आली का? मी म्हणालो, फार मोठ्या पोस्टवर आहे.

१८ जानेवारी, शनिवार
जमलं! लांब काप, मीठ, मिरपूड, जिरं, एकमेकांना न चिकटवता पसरून. कडा तांबूस, आत मऊ. शेवटी थोडा मध. आता हॉटेल काढायला हरकत नाही.
फोटो पाठवला. निळ्या टिक आल्या. उत्तर नाही. बिझी असेल.

१९ जानेवारी, रविवार
पुन्हा ऑफिसचं काम. मग मीच डबा घेऊन बेळ्ळंदूरला गेलो. सरप्राइज. दार रूममेट संहिताने उघडलं. म्हणाली, काका, स्वानंदी तर कालपासून कूर्गला गेलीय, मित्रमैत्रिणींबरोबर. मग तिच्या लक्षात आलं आणि चहा घेता का म्हणाली. मी म्हटलं, हो हो, बोलली होती, मीच विसरलो. डबा दिला. चहा घेतला नाही.
टीम आउटिंग असणार. म्हणजे ऑफिसचंच काम.

२० जानेवारी, सोमवार
संध्याकाळी स्वानंदीचा स्वतःहून फोन. सॉरी म्हणाली. संहिताने सगळी गाजरं संपवली, फार आवडली तिला. स्टेटसच्या फोटोतलं ताटही तिचंच होतं. स्वानंदी लहानपणापासून गाजर खात नाही. मी म्हटलं, माहितीये की.
मग तिने विचारलं, "बाबा, खरं सांग. तू माझ्यासाठी बदली घेतलीस का इथे?"
मी म्हणालो, "छे, छे. कंपनीला गरज होती."
"बरं झालं," ती म्हणाली. "मला उगाच टेन्शन आलं होतं."
पुढचा रविवार मोकळा आहे का, ते विचारायचं राहून गेलं.
उरलेल्या गाजरांची कोशिंबीर केली. किसणीवर बोट कापलं. ओव्हन परत घेत नाहीत म्हणे, वापरलेला.