वाडी निघण्याआधी

३ ऑक्टोबर १९७४, औंध
माझ्या हाताखालची नवी ग्रामसेविका कुसुम हिनं वर्षाचं उद्दिष्ट वाचून दाखवलं. तिच्या वाडीतली सगळी पोरं बालवाडीत, सगळ्या बाया साक्षर. ऐकूनच मला धाप लागली! पोर इस्लामपूरकडची, उसाच्या गावातली. मी विचारलं, "दसऱ्यानंतर वाडीत कोण राहतं?"
"सगळीच की, बाई. जातील कुटं?"
सांगितलं नाही. घरोघर विचारून ये म्हटलं.

७ ऑक्टो.
कु. आली ती रडवेली. धनगरांची वाडी; दसरा झाला की बाया-पोरांसकट मेंढरं घेऊन कोकणाकडं निघणार. मागं म्हातारी माणसं तेवढी. "नोकरी सोडते, बाई. माझ्यानं न्हाई व्हायचं."
चिडलेच मी. म्हटलं, रड हवं तेवढं, पण चहा घे आणि सांग, ती निघायच्या आत तुझ्या हातून काय होईल? आणि नाही झालं तर कुणाच्या जिवावर बेतेल?
चहा संपवून कप खाली ठेवला. मग, "चौघी पोटुशी हायत. वाटंतच बाळंत होणार. नाळ विळ्यानं कापत्यात."
झालं तर मग! चौघींबरोबर कोरं ब्लेड, उकळलेला दोरा, स्वच्छ फडकं अशी एकेक पुडी. बाळंतपण करणारीला नीट दाखवून द्यायचं. यंदा एवढंच, पण चौघींचंही.

१० ऑक्टो.
बीडीओसाहेबांना यंदाचं उद्दिष्ट सांगितलं. हसले. "चार? अहो बाई, वर काय तोंड दाखवू?" म्हटलं, माझं दाखवा. घरी येईपर्यंत कान तापलेले. हटणार नाही.

१८ ऑक्टो.
तिघींचं झालं. चौथी हिरा, पहिलटकरीण. सासू ऐकेना. "माजी सात ह्याच विळ्यानं झाली." कु.नं विचारलं, "सातातली हायत किती?" म्हातारी उठून आत गेली.
कु.ला वाटतं, सगळं मुसळ केरात. मी बरोबर यावं म्हणते. नाही जाणार. म्हटलं, उद्या तूच जा, माफी माग, मेंढरांचं बोल. ब्लेडचं नाव ती काढेपर्यंत काढू नको. जीव इथं टांगणीला माझाही...

२८ ऑक्टो.
वाडी निघाली. कु. पहिल्या मुक्कामापर्यंत चालत गेली, पायाला फोड. तिथं म्हातारीनं पुडी मागून घेतली, कमरेला खोचली. वापरेल का?
"न्हाई सांगता येत," कु. म्हणाली. मला तरी कुठं येतंय.
विचारलं, नोकरीचं काय ठरवलंस?
वैतागून बघितलं माझ्याकडं. "हिरा परत येऊस्तवर कुटं जाऊ मी, बाई?"