पट्टी माझ्या हातात

सर, आज माझ्या क्लासमधल्या एका पोरीचं इंग्रजीचं पान तपासताना माझा हात वर गेला. पुन्हा तीच चूक, आणि सकाळपासून डोकं तापलेलंच होतं. पोरीनं डोळे गच्च मिटले आणि मला तुमचा वर्ग आठवला.

तुम्ही रोज आम्हाला इंग्रजीत एक पान लिहायला लावायचात, घरातलं काहीही. सकाळी एकेकानं टेबलापाशी उभं राहायचं. तुम्ही लाल पेनानं चूक काढणार, शेजारी बरोबर वाक्य लिहून देणार, आणि चुकीमागं एक पट्टी, उलट्या हातावर. जाड सागवानी पट्टी. आम्ही पोरं हुशार, चुका वाचवायला वाक्यंच आखूड करून टाकली. आमची शेळी मेली. मांजर मेलं. त्या वर्षी आमच्या घरात रोज काहीतरी मरत होतं.

मग एकदा मला राहवलं नाही. वडील चिंचोळी एमआयडीसीत कामाला होते. त्यांच्या सोबत्याचा पंजा मशिनीत गेला, ते सगळं मी लांबलचक लिहिलं. पान लाल झालं आणि माझी बोटं फुटली. दुसऱ्या दिवशी वडील कंपनीच्या बुटांनिशी वर्गात शिरले. "माज्या लेकीचा हात फोडतूस व्हय रं?" त्यांनी तुमची कॉलर धरली, तुम्हाला फळ्यावर आपटलं, तोंडात मारली. चष्मा खाली पडला, तो बुटाखाली गेला. तुमच्या दातांवर रक्त दिसत होतं. मला आनंद झाला, सर. अगदी पोटातून.

त्यानंतर तुम्ही माझ्या पानावर नुसती बरोबरची खूण करायला लागलात. मी मुद्दाम वाट्टेल ते लिहून पाहिलं, तरी खूणच. आणि मला घाम फुटला. दहावीला इंग्रजीत नापास झाले की आत्याच्या पोराशी लग्न, हे घरात ठरलेलं होतं. मारकुट्या मास्तरापासून सोडवणारे वडील त्यातून काही सोडवणार नव्हते.

मी स्टाफरूममध्ये आले. "सर, मारू नका. पण चुका काढा की."

तुम्ही मान वर केली नाहीत. "मला ते वेगळं करता येत नाही, पोरी. मला असंच शिकवलंय." मग खणातून पट्टी काढून माझ्या हातात दिलीत. "ही तू धर. मी मागितली तरी देऊ नको."

परीक्षेपर्यंत तसंच चाललं. तुम्ही तपासताय, मी पट्टी घेऊन उभी. चूक दिसली की तुमचा हात टेबलावर काहीतरी चाचपायचा, मग गुमान पेनाकडं यायचा. माझी वाक्यं लांब होत गेली. एके दिवशी आईवर लिहिलेला अख्खा परिच्छेद तुम्ही खोडलात आणि माझं टाळकं सटकलं. मी पट्टी हाणली, तुमच्या बोटांना चाटून. टेबलाची काच तडकली. तुम्ही हात मागं घेतला नाहीत. "आता कळलं?" एवढंच म्हणालात आणि पान उलटलंत.

मी पास झाले. पट्टी तुम्ही परत मागितली नाहीत, आणि वर्षभरात तुम्ही वारलात. आता जुने सोबती भेटले की म्हणतात, सरांनी मारलं म्हणून आपण घडलो. मला संताप येतो. साफ थापा. मी शिकले ती रोजच्या पानानं आणि तुमच्या लाल शाईनं. पट्टीनं मला शेळ्या मारायला शिकवलं.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? पण कुणाला तरी सांगायला हवं. माझ्या क्लासमध्ये ज्याचं पान तपासते त्याच्या हातात मी तुमची पट्टी देते. पोरांना गंमत वाटते. बाई मारत नाहीत म्हणून आया लई कौतुक करतात. माझा हात किती शिवशिवतो ते त्यांना माहीत नाही. आज पट्टी त्या पोरीच्या हातात होती म्हणून माझा हात रिकामाच वर गेला. टेबलावर असती तर खाली आला असता, सर.